इराण, वैतरण्याच्या पलीकडे

चहाचा इतका मनापासून द्वेष करणारा दुसरा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आणि देवाने त्याला जन्माला घातलं होतं इराणात! साठनंतरची ती वर्षं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं, मी बोईसरला आत्याकडे राहून एका ठेकेदाराच्या कचेरीत नोकरी करत होते, आणि हा आमचा इराणी म्हणजे आत्याच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. मुंबईला काकाच्या हॉटेलात कामाला म्हणून आला आणि चहाच्या वासाला कंटाळून पळाला. आत्याने चहाचं आधण ठेवलं की हा भर मे महिन्यात लोकरी कोट चढवून अंगणात जाऊन उभा राहायचा. कोट कशाला म्हणाल तर, "बाय, भाईर जायाचा तर इज्जतमधी जायाचा." त्याचा सगळा जीव लॉऱ्यांवर. नाक्यावर डोळे मिटून उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा, "बिच्चारी! गिअर रडते तिचा." एकदा रस्त्यात अडलेल्या एका लॉरीच्या बॉनेटवर हात ठेवून त्याने तिची फारसीत समजूत काढली. लॉरी काही हलली नाही. ड्रायव्हर मात्र रडायच्या बेतात आला.

त्याला लॉरी चालवायची होती, आणि ही नुसती हौस नव्हती. परदेशी माणूस. पोलिसांनी बजावून ठेवलं होतं, की यंदा हाताला नोकरी नसेल तर बोटीत बसून परत. तेव्हा त्याला नोकरी मिळवून देण्याचा विडा मी उचलला. दोन वेण्या, कोपरापर्यंत ब्लाउज, मॅट्रिकचं सर्टिफिकेट; जगातलं मला काय ठाऊक नव्हतं ते विचारा! माझी स्वतःची नोकरी कशी लागली, तर आडनाव ऐकूनच साहेबांनी ठरवलं की ही गणितात हुशार असणार. माझे हिशेब आजही भाजीवाली करते. पण लोक नावावरून नोकरी देतात हे शहाणपण मला तेव्हा कुठलं?

मी त्याला आमच्याच साहेबांपुढे उभा केला.

"इराणी? वा! कॅन्टीनला माणूस हवाच होता."

"साब, आमी लॉरी चलवते."

"हो हो, लॉरीवाल्यांनाच पाजायचाय चहा."

नमुन्याला एक एक कप करायला लावला. रागाच्या भरात त्याने तो डांबरासारखा होईपर्यंत उकळला. साहेब, मुकादम आणि हेडक्लार्क, तिघांनी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाले, "अस्सल!"

मग मी अक्कल लढवली. दुसऱ्या ठेकेदाराकडे जाताना त्याला पढवलं, पारशी आहे म्हणून सांग. तिथले साहेब खूश झाले. म्हणाले, "पारशी? मग तुम्ही आमची रोकड सांभाळा. पारशी माणूस कधी खोटं बोलत नाही." हे कुणाला, तर त्या घटकेला त्यांच्या तोंडावर खोटं बोलत उभ्या असलेल्या माणसाला! याला ते सहन होईना. "साब, माफ करा, आमी पारशी नाय, इराणी हाय." साहेबांचा चेहरा उजळला. "अरे, मग चहा येत असेल!" तिसऱ्या ठिकाणी तर तोंड उघडायच्या आतच घारे डोळे बघून त्याला पठाण ठरवला आणि हातात पहाऱ्याचा दंडुका दिला. चहा काय नि दंडुका काय, लॉरी नाही म्हणून त्याने दोन्ही नाकारलं. मी घरी येऊन आत्याला म्हटलं, "आता याला बंगाली करून बघू या का?"

आत्याच्या ओटीवर टोपली उतरवलेली तारापूरची कोळीण हे सगळं ऐकत होती. भावांबरोबर तिची सुक्या मासळीची एक लॉरी होती आणि ड्रायव्हर जादा पगाराच्या लोभाने बांधकामावर पळाला होता. तिने आमच्या इराण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुटला रं तू?"

"इराण."

"वैतरण्याच्या अलीकडं का पलीकडं?"

मुंबईच्या वाटेवरची ती नदी आठवून त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "पलीकडे."

"मंग बरा. लांबचा हाय, रोज घरी पळनार नाय. गाडी चालवाला येते काय?"

हा प्रश्न ऐकायला तो इतक्या कचेऱ्या हिंडला होता. तो उठला, तिच्यामागे बाजारात गेला आणि तिथल्या अरुंद बोळातून, दोन्ही बाजूंच्या टोपल्यांना धक्का न लावता, लॉरी उलटी काढून दाखवली. पोलीस कचेरीत बाई स्वतः गेली. "कंपनी कुठली?" विचारल्यावर म्हणाली, "माजा डायवर हाय. याला नेलात तं बोंबील तुमी वाहाल काय?" वर्षाची परवानगी मिळाली. पुढेही दरसाल बाई जायची आणि मिळायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा बोईसर स्टेशनवर त्यानेच मला सोडलं; ट्रंक बोंबलांच्या पोत्यांवर, मी पुढे त्याच्या शेजारी. वाटेत त्याने विचारलं, "बाय, तू तिकडे जाऊन काय करनार?" मी सांगितलं, सासर नागपूरचं, घराणं चांगलं, मुलगा सरकारी नोकरीत. तो म्हणाला, "ते झाला. तू काय करनार?"

गाडी यायला बराच वेळ होता. तो कोट घालून ट्रंकेशेजारी उत्तराची वाट बघत उभा राहिला, आणि मी, इतकी शहाणी मुलगी, रुळांकडे बघत गाडी लवकर यावी म्हणून देवाला विनवत होते.