सतरंजीची उंची

किस्से ऐकणारं माणूस घरात असलं, की ते संध्याकाळच्या चहाबरोबर संपतात. नसलं, की साचत जातात. आमचे हे गेले, त्याच वर्षी नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात महिलांची सतरंजी सोसायटी निघाली. मास्तरांची बायको, लिहिता-वाचता येतं, म्हणून मला चिटणीस केलं. आणि नेमके तेव्हापासून किस्से घडायला लागले.

•

सोसायटी महिलांची, म्हणून अध्यक्षही महिलाच हवी. सरपंचांनी मोठ्या मनाने स्वतःच्या पत्नीचं नाव सुचवलं. पहिल्या सभेला वहिनींना बरं नव्हतं, म्हणून सरपंच आले. दुसऱ्या सभेलाही तेच आले. तिसऱ्या सभेला दोघं आले. मागावरून नुकतीच उतरलेली सतरंजी अंथरली होती, तिच्यावर सरपंच बसले आणि वहिनी आमच्यात, दाराशी.

मी ठराव वाचून अध्यक्षांचं मत विचारलं. वहिनी पदर सारखा करत म्हणाल्या, "मला काय इचारता? अध्यक्ष समोर बसल्यात की."

•

मग जिल्ह्याहून विणकाम शिकवायला एक तरुण गुरुजी आले. आमच्या सरूबाई साठीच्या. माहेरी माग, सासरी माग. पण प्रशिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे त्याही पाटी घेऊन बसल्या. गुरुजी सकाळी विणून दाखवायचे आणि दुपारी ते जेवायला गेले, की सरूबाई तो गुंता सोडवून पुन्हा विणून ठेवायच्या. गुरुजींना आपली सफाई पाहून रोज नवं समाधान वाटायचं.

महिन्याने सरूबाईंना सर्टिफिकेट मिळालं. मी वाचून दाखवलं, "प्रगती समाधानकारक."

"व्हय," सरूबाई म्हणाल्या, "लई सुधारला गडी."

•

पुढे दुष्काळ पडला. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. विणकाम दुष्काळी कामात धरलं नाही, तर आमची शेड बंद, माग सरकारी गोदामात आणि बायका खडीवर, असा हुकूम आला. सरूबाईंनी मला आपली बोटं दाखवली. "बाई, ही एकदा खडीवर फुटली, की परत सूत धरायची न्हाईत."

मी अर्ज केला. उत्तर आलं की सदर महिला सावलीत बसून काम करतात, सबब ते दुष्काळी काम होत नाही.

"मग छप्पर काढू का, इचारा," सरूबाई म्हणाल्या. मीही रागाने तसंच, पण अदबीने, लिहून पाठवलं.

आठ दिवसांत उत्तर हजर. छप्पर काढण्यास या कार्यालयाची हरकत नाही!

•

छप्पर काढून आम्ही उन्हात विणू लागलो, तेव्हा कुठे काम मंजूर झालं. तेही एका अटीवर, की दर मंगळवारी मोजमाप होईल. ओव्हरसियर साहेब खडीचाच फॉर्म घेऊन आले. रकाने तीन: लांबी, रुंदी, उंची. पहिले दोन भरले आणि साहेब अडले. उंची शून्य लिहिली, तर गुणाकार शून्य, म्हणजे काम शून्य.

सरूबाई उठल्या. सगळ्या सतरंज्या घडी करून एकावर एक रचल्या आणि म्हणाल्या, "घ्या. ढीग मोजा."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खडीसारखा चारी बाजूंनी टेप लावला.

•

पुढच्या मंगळवारी साहेबांनी आधी मागचा ढीग तपासला. तीन इंच कमी भरला. सतरंज्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. पुन्हा टेप लावला, तरी तीन इंच कमीच. साहेबांचा आवाज चढला. सरकारी कामात अफरातफर झाली आहे, माग आजच टेम्पोत चढतील, उद्यापासून सगळ्या खडीवर. मागांवरचे धोटे थांबले. मी खुलासा कसा लिहावा याचा विचार करत होते.

सरूबाईंनी मान वर केली नाही. "सायेब, मागल्या मंगळवारी मोजून झाल्यावर तुमी त्या ढिगावरच बसून जेवलात. अन् ऊन उतरस्तवर तिथंच झोपला हुता."

सगळ्या बायका साहेबांकडे पाहू लागल्या. मीही पाहिलं. साहेबांनी टेप गुंडाळला, पेन उघडलं आणि शेऱ्याच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "उंचीतील घट नैसर्गिक. काम चालू ठेवावे."