ह्यांच्या पानावरची रोटी चनाय

बायांनो, आज रविवार. कामतघरच्या आम्ही तिघी मैत्रिणी रिक्षा करून निजामपुऱ्यात गेलो. मलेशियाहून परतलेल्या एकाने तिथे तिकडच्या खाण्याची गाडी लावलीय. शेवंता तर लिपस्टिक लावून आलेली, या वयात!

रशीदाने पाटी वाचली, "रोटी चनाय." माझं हसू तिथंच थांबलं.

आमचे हे नव्वदच्या सुमारास कापडाच्या लूमवरचं काम सोडून मलेशियाला कामाला गेले. पत्रात लिहिलेलं, 'जेवायला रोज रोटी चनाय.' मी दुसरी शिकलेली. चनाय म्हणजे चना हाय, असंच वाचलं. माणूस परमुलखात चपाती-चण्यावर राहतोय म्हणून किती रडले. वर्षभरात ते तिकडेच तापाने गेले.

तेव्हापासून पितृपक्षात त्यांच्या पानावर चपाती नि चणे वाढते. कावळा लवकर शिवतच नाही.

आज ताटलीत बघते तर पदर सुटलेला मऊ पराठा आणि वाटीभर आमटी. चण्याचा एक दाणा नाही!

शेवंता म्हणाली, "अगं, भाऊजी तिकडे मजेत जेवत होते. चणे तूच चारलेस त्यांना!"

तिघी पोट धरून हसलो. मग मी तोडलेला घास ताटलीत परत ठेवला. रशीदा पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रो ले, बहन."

गाडीवाला म्हणतो, तुपातलं पीठ हवेत फिरवून फिरवून पातळ करायचं. माझे हात आता थरथरतात गं. तुमच्यात कुणाला जमेल का? पानावर घरचीच वाढायची असते, पितृपक्षाला एकच हवीय.