अडॅप्टर माझ्या हातात होता

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचतोय. माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेली. मशीन चाललं तर त्याला कारण असतं, बंद पडलं तरी कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही... एवढं साधं माझं डोकं. तरीही आज लिहायला बसलोय, कारण सोलापुरातल्या एका दुपारचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, मूळचा सांगलीचा. कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने मला सोलापूरच्या एका कापड गिरणीवर नेमलं होतं. गिरणीत सगळे 'कॉम्प्युटर, कॉम्प्युटर' म्हणायचे, पण खरा कॉम्प्युटर मुंबईच्या हेड ऑफिसात. इथे होतं फक्त टर्मिनल — कपाटाएवढा एक कंट्रोलर, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं वाचणारा रीडर आणि एक अवजड प्रिंटर. मधे टेलिफोन खात्याची भाड्याची लाईन. चादरी किती विणल्या, सूत किती शिल्लक, हे रोज इकडून जायचं आणि तिकडून ऑर्डरी छापून यायच्या.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो कंट्रोलरमधला हिरवा बोर्ड — सिंक्रोनस अडॅप्टर. सोपं करून सांगतो. लेझमाच्या दोन रांगा डोळ्यांसमोर आणा, एक सोलापुरात, एक मुंबईत. एकमेकांना दिसत नाहीत, तरी ठेका एकच पाहिजे. तो ठेका धरायचं काम अडॅप्टरचं. ठेका चुकला की अक्षरांचा नुसता कचरा होतो. आणि अडॅप्टरच काढून ठेवला असेल तर लाईनवरून प्रिंटरपर्यंत साधं टिंबसुद्धा पोचू शकत नाही. याबाबत माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

उन्हाळा तापायला लागला होता. त्या दुपारच्या दोन दिवस आधी अडॅप्टर जळाला म्हणून मी तो बाहेर काढला होता. नवा मुंबईहून यायचा होता. त्यात भर म्हणून लाईनही तुटली. आदल्या संध्याकाळी लाईनमन इरण्णा सांगायला आला. मैंदर्गीचा माणूस, पंचेचाळिशीचा, घरी कन्नड बोलणारा.

"साहेब, आपल्या बाजूची तार झकास हाय. केमच्या पुढं, जेऊरच्या अलीकडं तुटलीया. सकाळच्या गाडीनं जातो."

"घाई नाही हो इरण्णा, माझा अडॅप्टरच बाहेर आहे."

"असू द्या की. तुमचं तुमी बघा, तार माजी हाय."

असा माणूस. हसत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर माझा घसा बसलेला. एसीच्या खोलीत बसून बसून असेल. बारा वाजून गेले होते. गिरणीतल्या टर्मिनलच्या खोलीत आम्ही दोघंच — मी आणि सरोजा. ती पंच ऑपरेटर, पद्मशाली घरातली, वडिलांचे हातमाग होते. ती तिच्या मशीनवर कार्डं पंच करत होती, पाठ प्रिंटरकडे. मी जळका अडॅप्टर हातात धरून मीटरने एकेक जोड तपासत होतो.

आणि प्रिंटर सुरू झाला.

तो सुरू झाला की टेबल हलायचं, इतका आवाज. एक ओळ छापली, थांबला. पुन्हा एक. पुन्हा एक. मग शांत.

सरोजा वळली. "साहेब, लाईन आली?"

"लाईन कशी येईल?" मी म्हणालो. आणि हातातल्या अडॅप्टरकडे बघितलं.

कागदावर तीन ओळी होत्या, तिन्ही सारख्या. रोमन कॅपिटल अक्षरांत — इरण्णा खाली उतरा.

कंट्रोलरमध्ये स्थिर वीज साठली तर कधीमधी कचरा छापला जातो, हे मला माहीत होतं. पण कचऱ्यात नाव नसतं. मग रीडर बघितला, कारण एखादं कार्ड रीडरमध्ये घालून त्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर काढता येतो. रीडरचा स्विच बंद, वर कापडी झाकण. राहिली सरोजा.

"सरोजा, ही गंमत आहे का?"

तिचा चेहरा उतरला. "मी तुमच्यासमोर बसलेय साहेब. मी कशाला असली गंमत करू?" मग तिने कागद वाचला. "इरण्णामामा कुठे आहेत आत्ता?"

"केमला. खांबावर असतील."

"मग केम स्टेशनला फोन करा ना!"

आता जे लिहितोय ते मी फार कमी जणांना सांगितलंय. मी फोन केला नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कंट्रोलरचं दार उघडलं. अडॅप्टरची जागा रिकामीच होती. केबली बघितल्या, फ्यूज बघितले, पुन्हा केबली. सरोजा मागे उभी राहून म्हणत होती, "साहेब, आधी फोन... साहेब..." आणि मी "थांब गं, आधी हे बघू दे" म्हणत होतो. दहा मिनिटं गेली असतील, पंधराही असतील. शेवटी तीच मॅनेजरसाहेबांच्या केबिनकडे पळाली, तेव्हा मी तिच्या मागून गेलो.

केम स्टेशनशी बोलणं होईपर्यंत एक वाजून गेला. मॅनेजरसाहेबांनी रेल्वेतल्या ओळखीतून लावून घेतला होता फोन. तिकडून स्टेशनमास्तर म्हणाले, "तुमचा लाईनमन ना? इथेच बसलाय बाकावर. पाणी पाजलंय त्याला. खांबावर जाळ झाला म्हणतो, सव्वाबाराच्या सुमाराला."

सरोजा मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मला काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. सुटलो असंच वाटलं असेल.

संध्याकाळी इरण्णा स्टेशनवरून सरळ गिरणीत आला. आला तो माझ्या पायाला हात लावायला वाकला. माझ्या काकांच्या वयाचा माणूस. मी घाईघाईने त्याचे खांदे धरले.

"इरण्णा, अहो काय करताय?"

"जीव वाचवला की साहेब तुमी."

मग त्याने सांगितलं. "वर चढलो, पट्टा बांधला, माज्या तार तपासायच्या फोनचे चिमटे आपल्या बाजूच्या तारेला लावले. एक्स्चेंजला हाक मारायची व्हती. तर तितं तुमीच बोललात — 'इरण्णा, खाली उतरा. लगेच उतरा.' म्हटलं, साहेब सांगतात म्हंजी काय तरी असंल. उतरलो. चार पावलं गेलो न्हाय तर वरनं शेतातल्या पंपाकडं गेलेली इजेची तार वाऱ्यानं तुटली आन् आमच्या तारांवर पडली. निळा जाळ साहेब, समद्या खांबावर. वर असतो तर कोळसा झाला असता माजा."

"इरण्णा... मी बोललो नाही."

"तुमीच की."

"अहो, मी फोनला हातसुद्धा लावला नाही."

तो हसला. "आवाज वळकत न्हाय व्हय मी? घसा बसलेला तुमचा. आत्ता बसलाय तसाच."

माझा घसा त्या दिवशी सकाळी बसला होता. आदल्या संध्याकाळी इरण्णाशी बोललो तेव्हा आवाज ठणठणीत होता. तो केमला गेला सकाळच्या गाडीने. त्याला कसं कळणार?

आमच्या खोलीत लाईनवर बोलायला एक फोन होता, हे खरं. सोलापूरपासून त्या खांबापर्यंत तार शाबूत होती, हेही खरं. म्हणजे इथून कोणी बोललं असतं तर तिथे ऐकू गेलं असतं. इरण्णा गेल्यावर मी सरोजाला विचारलं, "प्रिंटर सुरू व्हायच्या आधी मी फोन उचलला होता का?"

"नाही. तुमच्या हातात तो बोर्ड होता. मी वळले तेव्हाही होता."

मग म्हणाली, "पण त्याच्या आधी तुम्ही काहीतरी पुटपुटलात."

"काय?"

"ऐकू नाही आलं. माझं मशीन चालू होतं ना."

मला काही आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. मी तिला आणखी खोदून विचारायला लागलो तशी ती चिडली — आधी खोटारडी ठरवलंत, आता साक्षीदार करताय. बरेच दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं. तिचंही बरोबर होतं.

नवा अडॅप्टर आला, बसवला, पहिल्या झटक्यात चालला. कंट्रोलरमध्ये दोष सापडला नाही. मुंबईच्या सीनियरना सांगितलं तर ते म्हणाले, "सोलापूरचं ऊन बाधलंय तुला, सुट्टी घे." तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, बदली झाली तेव्हा तिथेच राहिला.

पुढे दोन-तीन वर्षांनी इरण्णाच्या मुलीचं लग्न होतं. मुद्दाम बोलावणं आलं म्हणून मैंदर्गीला गेलो. मांडवात त्याने मला जवळच्या नातेवाइकांच्या पंक्तीला बसवलं आणि येईल त्याला कन्नडमध्ये माझ्याकडे बोट दाखवून सांगत राहिला. म्हातारी माणसं हात जोडायची. शेवटी त्याची बायको पोळी वाढायला आली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, खरं सांगतो. मी फोन केला नव्हता. मला कळलं होतं, तरी मी मशीन उघडून बसलो होतो."

तिला मराठी फारसं येत नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. इरण्णाने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग तिला कन्नडमध्ये दोन-चार वाक्यं सांगितली. ती माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या पोळीवर आणखी तूप वाढून पुढे गेली. त्याने तिला काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

प्रिंटर कशाने चालला, तारेवर कोण बोललं, हे तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, मी हरलो. पण नाव समोर छापून आलेलं असताना मी पंधरा मिनिटं दार उघडून आत काय शोधत होतो... ते मात्र माझं मलाच सांगायला हवं, आणि मला सांगता येत नाही.