दादानं हुकमावर ढकललं नाही

परवा आमच्या अकोल्याच्या कॉलनीत झेंडावंदन झालं आणि मग एका गृहस्थांनी भाषण ठोकलं. "सैनिकाला विचार करायचा नसतो. हुकूम आला की गोळी. पाप-पुण्य वरचे बघतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. हातातली जिलबीची पुडी शेजारणीच्या हातात कोंबली आणि तरातरा घरी निघाले. नवरा मागून, "अवं, झालं काय?" मी म्हटलं, "डोकं फिरलं, दुसरं काय!" या माणसानं जन्मात कोणाचा हुकूम पाळला असेल तर बायकोचा, तोही दळण आणायचा. आणि हा सांगणार सैनिकानं काय करायचं ते!

माझा मोठा भाऊ फौजेत होता. आता पेन्शनवर आहे आणि वलगावला आमच्याच वावरात भाजीपाला काढतो. त्याच्यासमोर कोणी असं बोललं तर तो वाद घालत नाही, चप्पल घालतो आणि बाहेर जातो. माझ्यात तेवढा दम नाही. म्हणून सांगून टाकते.

आमची माय रिद्धपूरची उपदेशी. रिद्धपूर म्हणजे महानुभाव पंथाचं तीर्थ. त्या पंथाचा उपदेश घेतलेल्या माणसाला जीव मारणं वर्ज्य, आणि माय ते अगदी काटेकोर पाळायची. चुलीत काडी घालायच्या आधी ती जमिनीवर आपटून घ्यायची, एखादी मुंगी असली तर निघून जावी म्हणून. वांग्यावर औषध फवारायचं असलं की बाबा तिला काहीतरी निमित्त काढून अमरावतीला पाठवायचे. अशा बाईचा मुलगा फौजेत गेला. घरची तंगी होती, दुसरा इलाज नव्हता. मायनं तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मग लढाई लागली. उंच डोंगरातली, बर्फातली. दादा तिच्यातून धडधाकट परत आला, सुट्टीवर. गावानं स्टँडपासून घरापर्यंत बँड लावला, गुलाल उधळला. मी तर नुसती नाचत होते. माय दारात आली नाही. गर्दी पांगल्यावर तिनं त्याला एवढंच विचारलं, "कोनाचा जीव गेला काय रे तुह्या हातून?"

"व्हय माय," दादा म्हणाला.

झालं. त्यानंतर माय त्याच्याशी बोलेना. जेवायला वाढायची, त्याचे कपडे धुऊन वाळत घालायची, पण शब्द नाही. काही सांगायचं असलं की मला, "तुह्या भावाले म्हनाव, पानी तापलं." दादा समोरच उभा! मला हसू यायचं आणि दुसऱ्याच क्षणी मी कॅलेंडरकडे बघायचे, कारण सुट्टी सरत आली होती. दादाला पुन्हा त्याच डोंगरावर जायचं होतं. तो एकदा मला म्हणाला, "थे नाई बोलली अन् मी तसाच गेलो, त माहं काई तिथं मन लागनार नाई." फौजेत मन नसलेल्या माणसाचं काय होतं, हे मलाही कळत होतं.

मग मामा मध्ये पडले. मामा म्हणजे आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. त्यांनी दादाला बाजूला घेतलं. "बह्याडा, एवढं काय धरून बसला? तिले सांगून टाक, सायबाचा हुकूम होता. तुह्या हाती काई नोतं. मंग पाप सायबाचं. तिले तेवढंच आयकाचं हाये."

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

दादा म्हणाला, "मामा, हुकूम सायबाचा होता. बोट माहं होतं."

मामा चिडले. "मोठा आला हरिश्चंद्र!" म्हणाले आणि सायकल काढून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलो होतो, तेव्हा दादा आपणहून बोलायला लागला. एका चौकीवर यांची तुकडी चढली होती. समोरून गोळ्या येत होत्या, यांची पोरं पडत होती. दादानं गोळी चालवली आणि समोरची माणसं मेली. मग दगडाआडून आणखी एक जण निघाला. हत्यार नाही, पाय फुटलेला, दोन्ही हात वर. साहेबाचा जिवाभावाचा दोस्त नुकताच त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता. साहेब ओरडला, "उडा दे उसको!" दादानं बंदूक खाली केली. साहेब पुन्हा ओरडला. दादा म्हणाला, "नहीं साब." त्यानं त्या माणसाचे हात बांधले आणि त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. पुढे त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही, बोलणी मात्र भरपूर खाल्ली. आणि तोच साहेब काही दिवसांनी येऊन त्याच्या शेजारी नुसता बसून राहिला.

मी जुडी टाकून उभीच राहिले. असा भाऊ आपला! लढाईत, तसल्या वेळी, साहेबाच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे काय खायचं काम आहे? माझी छाती अभिमानानं फुगली. "अरे बाप्पा, हे मायले काहून नाई सांगितलं?" तो म्हणाला, "कशाले?" मी म्हटलं, "थांब, मीच सांगतो!" तो "नको नको" म्हणेपर्यंत मी घरात पोचलेसुद्धा.

माय तांदूळ निवडत होती. मी धापा टाकतच सगळं सांगितलं. हात वर केलेला माणूस, साहेबाचा हुकूम, दादाचा नकार. मला वाटलं, आता ही उठेल आणि त्याला जवळ घेईल. दादा तोवर दारात येऊन उभा राहिला होता. मायनं सूप बाजूला ठेवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"मनजे हुकूम मोडता येत होता तुले," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी भावाची बाजू मांडायला आले होते आणि त्याची पळवाटच बंद करून बसले.

दादानं मात्र मान खाली घातली नाही. "व्हय माय. येत होता."

"मंग आंधी मेले त्याईच्या येळी काहून नाई मोडला?"

"थे गोळ्या चालवून राहिले होते. माह्या बाजूची पोरं मरून राहिली होती. मले तवा बरोबर वाटलं, मी चालवली. पुना तशीच येळ आली त पुना चालवीन. हात वर केलेल्यावर नाई चालवनार, कोनी बी सांगो. पन जे मेले, थे मीच मारले. सायबाचं नाव मी त्यात घेत नाई."

मला वाटलं, संपलं. आता ही जन्मात याच्याशी बोलत नाही. मामाचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात आलं. मी मनातल्या मनात मायला शिव्यासुद्धा घातल्या.

माय म्हणाली, "तुह्या पगारातून आपून हीर खंदली. त्याच पान्यावर सारं वावर भिजलं, घर चाललं. तेच पानी पिऊन मी रोज स्मरनाले बसली. कवा इचारलं काय मी, पोट्ट्या, हा पैसा कशाचा हाये म्हनून? नाई इचारलं. मले मालूम होतं म्हनून नाई इचारलं." तिचा आवाज फाटला. "तू सायबावर नाई ढकललं. मंग मी बी तुह्यावर नाई ढकलत."

दादा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. मी पण रडले. माय रडली नाही. तिनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाऊन रिद्धपूरले जाऊ."

सकाळी आम्ही तिघं रिद्धपूरला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मायनं दंडवत घातला. दादा मागे हात जोडून उभा होता. बाबांनी विचारलं, "काय बाई, काय झालं?"

माय म्हणाली, "बाबा, आमच्या हातून मानसं मेले."