सप्टेंबरात ख्रिसमस आणि रोज टँकर

पाणी साठवायला ड्रम लागतो, किस्से मात्र आपोआप साठतात. चिकलठाण्यातल्या आमच्या छोट्याशा डिजिटल मार्केटिंग ऑफिसात ते इतके साठले की जुनी मंडळी भेटली की चहा गार होतो, पण विषय संपत नाही. मी तिथं जाहिरातींचा मजकूर लिहायचे. ती दुष्काळाची वर्षं. शहर जालना रोडनं करमाडच्या दिशेला वाढत होतं. रोज नवी बिल्डिंग, आणि एकाही बिल्डिंगच्या नळाला धड पाणी नाही!

अशात आमचे बॉस देशपांडे सर यांना कॉलेजच्या मित्राच्या ओळखीनं एक क्लायंट मिळाली. थेट मनिलाची! नाव लिगाया. तिकडं वडीलधाऱ्या बाईला 'टिटा' म्हणतात, म्हणून आम्हीही टिटाच म्हणायचो. त्या पाण्याचे प्लॅस्टिकचे ड्रम विकायच्या. "तुमच्या दिवाळीपर्यंत काम देऊन बघते," असं त्यांनी सांगितलं. सरांनी आम्हाला स्वच्छ बजावलं, "टिटा टिकल्या तर ऑफिस टिकेल. नाहीतर सगळ्यांनी पुण्याची बस धरायची." आमच्यातल्या कुणालाच गाव सोडायचं नव्हतं.

* * *

पहिली जाहिरात मी लिहिली. इंग्रजी असं कडक, की माझं मलाच कौतुक वाटलं. 'टिकाऊ. मजबूत. आजच खरेदी करा.' एक गिऱ्हाईक फिरकेल तर शपथ! टिटांचा फोन आला, "पोरी, ही जाहिरात आहे की वीज तोडायची नोटीस?"

मग त्यांनी समजावलं, की तिकडं मोठ्यांशी आणि गिऱ्हाइकाशी बोलताना वाक्यात 'पो' घालतात, आदर म्हणून. आमचा डिझायनर अक्रम खूश झाला. "अरे, ये तो अपना 'जी' है!"

त्यानंतर आम्ही सगळीकडं पो पेरलं. सरांच्या तोंडात तर ते इतकं बसलं, की एकदा टँकरवाल्याला फोनवर म्हणाले, "भाऊ, आज तरी टँकर पाठवा, पो."

पलीकडून आवाज आला, "साहेब, लई टेन्शन घेऊ नका. पाठवतो."

त्या दिवशी टँकर वेळेवर आला!

* * *

फोटोचं वेगळंच झालं. अक्रमनं चकचकीत बाथरूम निवडलं, त्यात शॉवर, आणि कोपऱ्यात टिटांचा ड्रम. खाली कॉमेंट आली, 'घर छान आहे, पो.' ड्रमबद्दल चकार शब्द नाही.

टिटांचं पेज सांभाळणारी प्रज्ञा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बजाजनगरात राहायची. ती म्हणाली, "सर, माझ्या घरी चला." तिच्याकडं मोरीशेजारी ड्रम, ड्रमावर झाकण, झाकणावर पाण्याचा मग. फोटोत तिची आई हवी होती, पण आईंनी अट घातली, "थांबा, नवी साडी नेसते. ड्रमापरीस मी वाईट दिसू व्हय?"

आईंच्या ड्रमाच्या जागी अक्रमनं कॉम्प्युटरवर टिटांचा ड्रम बसवला आणि फोटो टाकला. कॉमेंटचा नुसता पाऊस! 'अगदी माझ्या आईची मोरी!' एकानं विचारलं, हे घर कुठल्या प्रांतात आहे? प्रज्ञानं खरं ते लिहिलं, बजाजनगर. त्यावर दुसऱ्यानं छातीठोक उत्तर दिलं, 'माहितीये, माझी मावशी तिकडंच राहते!'

ते लोक रोज विचारायचे, 'आई जेवल्या का, पो?' प्रज्ञानं हे घरी सांगितलं तर आई गहिवरल्या. "बघ! पोटच्या पोरीनं कधी इचारलं नाय!"

* * *

सप्टेंबर लागला. ऑफिसात गणपतीची तयारी चालली होती आणि टिटांचा मेसेज आला, 'माझी ख्रिसमसची जाहिरात कुठंय?' सरांना वाटलं टिटांची तब्येत बिघडली. पण नाही, तिकडं सप्टेंबरपासूनच ख्रिसमस सुरू होतो!

मग काय, एका टेबलावर मखर आणि दुसऱ्यावर अक्रम ड्रमाला लाल टोपी घालतोय. आमची आरती संपते न संपते तोच त्याच्या कॉम्प्युटरवर घंटा वाजायला लागायच्या. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी शेवटी दारात येऊन विचारलं, "नेमका कुठला सण आहे तुमच्यात?"

अक्रम मान वर न करता म्हणाला, "जो ऑर्डर देगा, उसका!"

* * *

दिवाळी तोंडावर आली आणि आम्ही माती खाल्ली. टिटांच्या भागातही नळ कोरडे असायचे, म्हणून सगळ्यांनी मिळून एक ओळ ठरवली, 'पाणी आलं! पळा, भरून घ्या!' आमच्यासाठी याहून आनंदाची बातमी जगात नव्हती. जाहिरात सकाळी आपोआप झळकेल अशी आदल्या दिवशीच लावून ठेवली, आणि नेमकं त्या सकाळी तिकडं वादळ झालं. लोकांच्या घरात पाणी शिरलेलं आणि हातातल्या मोबाइलवर आमची जाहिरात! एकानं लिहिलं, 'आलंय पाणी. येता का बघायला?'

प्रज्ञानं जाहिरात काढली आणि तिथं सरळ लिहून टाकलं, 'आमच्याकडं यंदा पाऊस नाही. पाणी आलं की आम्ही नाचतो. चुकलो, माफ करा, पो.' टिटांचा फोन दिवसभर लागला नाही. सर कुणावरही ओरडले नाहीत, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. अक्रम पुण्यातल्या नोकऱ्या बघत बसला.

दुसऱ्या दिवशी टिटांचा व्हिडिओ कॉल आला. टिटा आपल्या दुकानात गुडघाभर पाण्यात उभ्या! घरचे सगळे वरच्या मजल्यावर सुखरूप आहेत, हे त्यांनी आधी सांगितलं. सर खुर्चीतून उठले. "टिटा, तुम्ही म्हणाल ते कबूल."

"तुमची माफी आमच्या अख्ख्या गल्लीनं वाचली," टिटा म्हणाल्या. "खरंच पाणी नाही तुमच्याकडं?"

"नाही, पो. आज टँकरही आला नाही."

टिटांनी भोवतालच्या पाण्याकडं एकवार बघितलं. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतरचं काम पाठवते. आधी दुकान तरी धुऊ द्या मला."

प्रज्ञा रडायलाच लागली, आणि माझंही काही वेगळं नव्हतं. स्वतःचं दुकान पाण्यात असताना त्या बाईनं आमचं ऑफिस वाचवलं. तिचे उपकार आम्ही कसे फेडणार!

तेवढ्यात टिटा खाली वाकल्या, ओंजळभर पाणी उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "घ्या, पो!"

क्लायंटपुढं कधीही न हसणाऱ्या देशपांडे सरांनी टेबलावरची रिकामी बाटली उचलली आणि स्क्रीनला लावली.

मागून अक्रम ओरडला, "सर, ढक्कन तो खोलो!"