चुकीच्या नावाचा आलेख

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीचं काम बघते. कुठल्या मशिनवर किती पार्ट रिजेक्ट झाले, त्याचे आलेख 'आर' या प्रोग्रामिंगच्या भाषेत काढते, चित्र म्हणून सेव्ह करते आणि शिफ्टच्या ग्रुपवर टाकते. आज एका आलेखाचं टायटल बदलायचं राहिलं. दुसऱ्याच्या खराब मशिनच्या आलेखावर शेजारचं मशिन चालवणाऱ्या सुनीताताईंचं नाव गेलं.

चूक दिसताच त्याच फाइलच्या नावाने नवं चित्र सेव्ह केलं. त्यामुळे माझ्याकडची जुनी फाइल पुसली गेली. ग्रुपवरूनही ती काढली, नवी टाकली, माफी मागितली.

तरी कॅन्टीनमध्ये एकजण सुनीताताईंना म्हणालाच, "काय ताई, भंगारवाल्याला बोलवू का?"

"अरे, ते चुकीचं होतं," मी म्हणाले.

"नवीन कोण उघडतंय, मॅडम?"

सुनीताताई कंत्राटी आहेत. त्यांना पुढे ठेवायचं का, ते आमचे साहेब याच आठवड्यात ठरवणार आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडनं गेलं, पण सायबांच्या फोनात हाय की अजून."

मी साहेबांकडे गेले. त्यांनी फोन उघडला. गॅलरीत जुनंच चित्र होतं. माझ्यासमोर त्यांनी ते डिलीट केलं.

उद्या शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर माझी चूक सांगणार आहे. तेवढं पुरेल का?