शेवंतीच्या पुढची गाडी

सयाजी गवळ्याला जगात एकही माणूस धड दिसायचा नाही. शेजारी बिनडोक, मेव्हणा ऐतखाऊ, दुधाचं गिऱ्हाईक चिक्कू, आणि मेस्त्री लोक तर झाडून सगळे चोर. सकाळी दूध घालायला निघाला की गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाच्या नावानं शिमगा करत जायचा. "ह्यास्नी माणसात कुणी घेतलं रं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतःबद्दल मात्र त्याची कसलीच तक्रार नव्हती.

तो बरं बोलायचा ते फक्त दोघींबद्दल. एक त्याची म्हैस शेवंती, आणि दुसरी त्याची गाडी. गाडी म्हणजे चिखलामातीत उडवायची उंच डर्ट बाईक, गडहिंग्लजच्या एका हौशी पोराकडनं जुनीच घेतलेली, पिस्टन खडखडणारी. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. मालक सायलेन्सर काढलेली गाडी फाडफाड वाजवत पुढं सुटतो आणि त्याची म्हैस आवाज ओळखून मागं धावते. सागरमाळाच्या मैदानावर शेवंतीसारखी म्हैस कुणाची पळत नव्हती. त्या एका दिवशी अख्खी गल्ली सयाजीला मान द्यायची, आणि पुढं वर्षभर त्याच गल्लीला हिणवायचा परवाना त्याला मिळायचा.

औंदा पाडवा तोंडावर आला तसा सयाजी रोज गोठ्यापुढं गाडी उभी करून जागेवरच रेस मारत बसायला लागला. म्हशीच्या कानात आवाज मुरायला पाहिजे म्हणे! कोपऱ्यावर गॅरेज चालवणारा तौसीफ जाता जाता थांबला.

"मामा, जागेवर एवढी रेस दिऊ नगासा. गाडी पळत नसली की इंजिनाला वारं लागत न्हाय. तापून जाम हुईल."

"तू पंक्चर काढ जा," सयाजी म्हणाला. "मला इंजिन शिकवतोय!"

त्याच संध्याकाळी रेस टिपेला पोचली, आत काहीतरी करकरलं आणि गाडी गप झाली. किक मारली तर खाली जाईना. सयाजी सगळं वजन टाकून किकवर उभा राहिला, तरी तसूभर हलेना.

बायको क्रांती शेणाची पाटी खाली ठेवत म्हणाली, "तौसीफला हाक मारू?"

"त्या भुरट्याला? मी मेल्यावर मार."

मग अंगणात पोतं अंथरून स्वारी स्वतःच बसली. काम मात्र त्यानं रीतसर केलं, ते नाकारून चालणार नाही. गाडी न्यूट्रलला आहे का बघितलं. प्लग काढून पुन्हा किक दाबली. तरी हलेना, म्हणजे आतला पिस्टनच अडकलाय हे त्यानं बरोबर ताडलं. प्लगच्या भोकातनं डिझेल ओतून रातभर मुरू दिलं. सकाळी वरचा गिअर टाकून मागचं चाक पुढं-मागं हलवत राहिला, तेव्हा कुठं पिस्टन सुटला. इंजिनाचं हेड उतरवलं, पिस्टनभोवतीचा ब्लॉक ओढून काढला. पिस्टनच्या एका अंगाला उभे ओरखडे, आणि रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या.

"बघिटलंस?" तो बायकोवर खेकसला. "रद्दी पिस्टन घाटलाय साल्यांनी." रेसचं नाव त्यानं काढलं नाही.

कारखान्यांच्या उद्यमनगरात जाऊन, लेथवाल्याच्या उरावर उभं राहून त्यानं ब्लॉकला बोअर मारून, म्हणजे आतलं भोक घासून मोठं करून घेतलं, वाढीव मापाचा पिस्टन आणला, आणि निघता निघता "हात थरथरतोय तुझा, शेळ्या राख" असं त्या बिचाऱ्यालाही ऐकवून आला.

गाडी अशी उघडी पडलेली असताना क्रांती म्हणाली, "शेवंतीला पळवायला पायजे, न्हाय तर पाय जड हुत्याल. मी न्हीऊ का माझ्या स्कूटीमागं?" स्कूटीवर ती दुधाचे कॅन पोचवायची.

सयाजी पोट धरून हसला. "त्या चिलटामागं शेवंती? ने, ने. तेवढीच तुझी हौस."

एवढ्या संसारात क्रांती ह्या माणसाला उत्तर देत बसायचं नाही हे शिकली होती. रोज सकाळी स्कूटी काढायची, "ये गं बाय" म्हणायची आणि म्हशीला माळावर घेऊन जायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी दुसऱ्याच किकला पेटली. आवाज गोल, घट्ट, एकसारखा. पिस्टनची जुनी खडखड पार गेली होती. सयाजीची छाती फुगली.

"शेवंतीला जरा ऐकवा की," क्रांती म्हणाली.

"तिची काय परीक्षा घ्यायची हाय? उद्या समदं गाव ऐकंल."

पाडव्याला सागरमाळ माणसांनी फुलला. शेवंतीची शिंगं लाल रंगवलेली, डोक्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. सयाजीनं सायलेन्सर काढला, रेस दिली, "शेवंतेऽऽ!" म्हणून आरोळी ठोकली आणि सुसाट सुटला. मैदानाच्या मध्यावर मागं वळून बघतो तर कोण न्हाय! शेवंती होती तिथंच उभी. कान हलवत, परगावच्या पावण्याकडं बघावं तशी त्याच्याकडं बघत होती. तिच्या कानात मुरलेली होती ती जुनी खडखड, आणि ती तर ह्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकलेली. तो परत आला, रेस मारली, हाका मारल्या, शिव्या दिल्या. म्हैस ढिम्म.

"मामा, म्हैस बदलली का मालक?" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं. मेव्हणा, शेजारी, गिऱ्हाईकं, सगळे दात काढून उभे होते.

"क्रांते, हाकल की तिला!" सयाजी किंचाळला.

कडेला थांबलेल्या क्रांतीनं स्कूटीचं बटण दाबलं. "ये गं बाय." एवढंच. शेवंतीनं शेपूट उचललं आणि धुरळा उडवत अशी सुटली की लोक बाजूला उड्या मारायला लागले. शिट्ट्यांनी माळ दणाणला. अख्खं मैदान मारून दोघी परत सयाजीपाशी आल्या. स्कूटीबद्दल काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"आवो, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच," स्कूटी बंद न करता क्रांती म्हणाली. "शेवंती आता थांबायची न्हाय. माझ्यामागं बसतायसा, का तिच्यासंगं पळत येतायसा?"

सयाजी मुकाट्यानं दुधाचा कॅन बांधायच्या जागेवर बसला.